पाच तासांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाने कामाचे तास न वाढवता मिळकत कशी वाढवावी, असा विषय मला दिलेला आहे. मी अर्थशास्त्राची जाणकार नाही. १९९८ पासून पुण्यात घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, एवढीच माझी पात्रता. तीही कथा-कादंबऱ्यांची नव्हेत. औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, ट्रॅक्टरच्या पुस्तिका, विम्याच्या अटी, बँकेचे अर्ज. तुमच्या मिक्सरबरोबर आलेलं मराठी पत्रक कदाचित मी लिहिलेलं असेल, आणि तुम्ही ते न वाचता कपाटावर टाकलं असेल. त्याचा राग नाही. मीही तेच करते.

जून २०१६ पर्यंत माझा हिशेब सोपा होता. पैसे कमी पडले की जास्त काम घ्यायचं. सकाळी डबे झाले की बसायचं आणि रात्री जेवणं उरकली की पुन्हा बसायचं. दिवसाला दहा तास सहज होत. महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार मिळत आणि मी स्वतःवर खूश होते. आपण किती राबतो, याचाही एक अभिमान असतो.

त्या जूनमध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी बारावीला, यांची नोकरी सकाळी आठला घराबाहेर पडायची. सासूबाईंना सांभाळायला एक मावशी मिळाल्या, अकरा ते चार. म्हणजे माझ्या हाती दिवसाचे पाच तास उरले. मावशींचा पगार, फिजिओथेरपी, औषधं हा खर्च वाढला आणि तास निम्मे झाले.

पहिला उपाय मी तोच केला, जो तुम्हीही कराल. रात्री जागायला लागले. तीन आठवडे निभावलं. चौथ्या आठवड्यात मेथोट्रेक्झेट नावाच्या औषधाचं रुग्णांसाठीचं पत्रक माझ्याकडे होतं. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. मी रात्री दोन वाजता लिहिताना एका ठिकाणी 'आठवड्यातून एकदा'च्या जागी 'दिवसातून एकदा' लिहून मोकळी झाले. नंतर तपासणाऱ्या बाईंनी ते पकडलं म्हणून वाचले. मी वाचले म्हणते, पण खरं तर कोण वाचलं ते आपल्याला माहीत नाही. त्या दिवसापासून रात्रीचं काम बंद केलं. तास वाढवण्याचा रस्ता माझ्यापुरता तिथे संपला.

आता पुढचं जे काही सांगते आहे, ते हौसेनं शोधलेलं नाही. दुसरी वाटच नव्हती.

आमचे वडील किराणा दुकानात रोजमेळ लिहायचे. दिवसाचे आले-गेले पैसे एका वहीत, दुकान बंद करण्याआधी. मी तशीच एक वही घातली, फक्त त्यात पैशाऐवजी वेळ लिहायला लागले. कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या कामाला किती मिनिटं गेली. भाषांतराचीच नव्हे, सगळी. फोन, दुरुस्त्या, बिल करणं, बिलाची आठवण करणं, फाइल उघडत नाही म्हणून घातलेला अर्धा तास. आमच्या धंद्यात हा अर्धा तास फार असतो. जुनं मराठी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतं, ते युनिकोडमध्ये आणताना रफार भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात, आणि ती एकेक हातानं बसवावी लागतात. त्याचे पैसे मी कधी कुणाकडे मागितले नव्हते. ते काम आहे, हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी बेरीज केली. महिन्याला सव्वाशे तासांपैकी पंच्याहत्तर तास एका एजन्सीला जात होते. एजन्सी म्हणजे मध्यस्थ. मोठ्या कंपन्यांची कामं घेऊन आमच्यासारख्यांना वाटणारी. मी तिला मनातल्या मनात अन्नदाता म्हणत असे. रोज काम यायचं, कधी खंड नाही. दर होता शब्दाला ऐंशी पैसे. हजार शब्दांचे आठशे रुपये, आणि वहीप्रमाणे हजार शब्दांना सगळं धरून साडेचार तास लागत होते. तासाला पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. उलट एका इस्पितळाच्या संशोधन विभागाचं काम महिन्यातून जेमतेम बारा तास असायचं. ते मी 'किरकोळ' या खान्यात टाकलेलं होतं. तिथे हजार शब्दांचे दोन हजार मिळत आणि वेळ साडेतीन तास लागे. तासाला पावणेसहाशे.

मी ती बेरीज तीनदा केली. ज्याला अन्नदाता म्हणत होते तो सगळ्यात कमी देत होता, आणि जो तिप्पट देत होता त्याला मी दोन-दोन दिवस उत्तर पाठवत नव्हते, का तर एजन्सीचं अर्जंट असायचं!

शिवाय महिन्याचे अठरा तास असे निघाले, ज्यांचा एक पैसाही नव्हता. नव्या गिऱ्हाइकाला 'नमुना म्हणून' करून दिलेली पानं, 'मॅडम, एक छोटासा बदल', आणि थकलेल्या बिलांचे फोन.

तरीही मी लगेच काही केलं नाही. कळणं आणि वळणं यांत बरंच अंतर असतं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नणंद दोन दिवस सासूबाईंजवळ राहायला आली, म्हणून माहेरी जाऊन आले. माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. सोयाबीनची काढणी चालली होती. सकाळी सहा-सात बायकांची टोळी अंगणात येऊन वहिनीशी भाव करत होती. वहिनीचं म्हणणं, रोजानं या. त्यांचं म्हणणं, उक्तंच घेऊ, एकराचे इतके. बराच वेळ घासाघीस झाली आणि उक्तं ठरलं. दुपारी दोनच्या सुमारास त्या शेत मोकळं करून परत निघालेल्या दिसल्या. मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं, रोजानं का येत नाही? ती म्हणाली, "ताई, रोजानं गेलं की दिवस मालकाचा. उक्तं घेतलं की दिवस आपला."

शहरातल्या सुतार-रंगाऱ्यांनाही हा फरक ठाऊक असतो. मला ठाऊक नव्हता, कारण मी सुशिक्षित होते! कागदावर मी शब्दाप्रमाणे पैसे घेत होते, पण वागत होते रोजावर असल्यासारखी. दर दुसऱ्याने ठरवलेला, दिवस दुसऱ्याच्या ताब्यात. उक्त्याचं सगळंच गोड असतं असं नाही, हेही सांगते. त्या बायका दुपारपर्यंत कमरा मोडेस्तोवर वाकलेल्या होत्या. पण काम लवकर उरकण्याची जी हातोटी त्यांनी कमावली आहे, तिचा फायदा त्यांच्याकडे राहतो. तासावर पैसे घेणाऱ्याला हुशारी महागात पडते. जितकं चटकन काम कराल तितके पैसे कमी. माझ्याजवळ तेव्हा अठरा वर्षांत जमवलेला चार हजारांवर शब्दांचा स्वतःचा कोश होता. त्यानं माझा वेळ वाचत होता. पण वाचलेल्या वेळात मी त्याच एजन्सीची आणखी पानं करत होते.

पुण्याला परत आल्यावर एजन्सीला पत्र लिहिलं. दोन मागण्या केल्या. दर एक रुपया दहा पैसे करा. आणि शब्द मोजायचे ते मूळ इंग्रजीचे मोजा, मराठीचे नकोत. ही दुसरी मागणी ऐकायला क्षुल्लक वाटते. पण मराठी ही प्रत्ययांची भाषा. इंग्रजीत 'ऑन द टेबल' हे तीन शब्द होतात, आपला 'टेबलावर' एकच. 'इन द फील्ड' तीन, 'शेतात' एक. माझ्या वहीत हजार इंग्रजी शब्दांचे सरासरी आठशे मराठी शब्द होत होते. म्हणजे नुसती मोजणी बदलली, तरी त्याच कामाचे पाव हिस्सा पैसे वाढतात. इतकी वर्षं मी माझ्याच भाषेच्या काटकसरीचा दंड भरत होते.

एजन्सीच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही आमच्या जुन्या आहात, पण मार्केटमध्ये साठ पैशांत करणारे आहेत." असतीलही. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, पण मला परवडत नाही. दर वाढला नाही. मोजणी मात्र त्यांनी मान्य केली. मला वाटतं, त्यांनी तिचा हिशेब केला नव्हता. तास सव्वादोनशेच्या जवळ पोचला, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी त्यांचं काम पंच्याहत्तर तासांवरून साठ, मग चाळीस, मग वीस असं कमी करत गेले. एकदम सोडलं नाही. एकदम सोडायचा सल्ला देणाऱ्याच्या घरात दुसरा पगार चांगला असतो, असा माझा अनुभव आहे.

मोकळे झालेले तास संशोधनाच्या कामाला द्यायचे ठरवलं. हे काम काय, ते थोडं सांगते. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर भाग घेणाऱ्याची लेखी संमती लागते, आणि तिचा मजकूर त्याला समजेल अशा भाषेत, क्लिष्ट शब्द टाळून लिहिलेला असावा लागतो. आपल्याकडच्या २०१९ च्या चाचणी नियमांत हे आहे, आणि त्याआधीही होतं. हे संमतिपत्र दहा-वीस पानांचं असतं. मराठीत आणल्यावर दुसरा माणूस ते पुन्हा इंग्रजीत नेतो, अर्थ हलला नाही ना हे पाहायला. मग भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. त्या सहीला किंमत असते. इंग्रजीत लिहिलेलं असतं, की तुम्हाला अभ्यासाच्या दोन 'आर्म्स'पैकी एकात घातलं जाईल. तिथे 'दोन हातांपैकी एका हातात' असं लिहून आलेला कागद मी स्वतः तपासलेला आहे. आर्म म्हणजे इथे गट. कोणत्या गटात जायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात किंवा छापा-काटा करावा तसं ठरतं, हे खेड्यातून आलेल्या आजीला कळलं पाहिजे, कारण खाली अंगठा ती उठवणार असते. 'ट्रायल' म्हणजे खटला नव्हे, 'ड्रग' म्हणजे अंमली पदार्थ नव्हे. हे जाणणारी माणसं तेव्हा फार नव्हती, आणि मी त्यांच्यातली एक असूनही हे काम फावल्या वेळात करत होते.

मी दुसऱ्या तीन ठिकाणी पत्रं पाठवली. सोबत माझ्या माहितीचं एक पान: किती संमतिपत्रं केली, कोणत्या आजारांवरची, परत इंग्रजीत नेताना किती दुरुस्त्या आल्या. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसरीकडून फोन आला, आणि तिथे मी माझी जुनी खोड मोडली.

आपल्याकडे पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही. कुणी दर विचारला की मी म्हणायची, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." हे वाक्य मला नम्रपणाचं वाटायचं. समोरच्याला ते सोयीचं वाटायचं. आकडा सांगितलाच तर पुढच्याच श्वासात मी स्वतः तो खाली आणायची: "म्हणजे, थोडं कमी-जास्त करता येईल." त्या दिवशी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'आकडा सांग आणि गप्प बस.' शब्दाला दोन रुपये, मूळ इंग्रजी शब्दांवर, प्रमाणपत्रासह, असं म्हटलं आणि गप्प बसले. पलीकडे शांतता. ती दहा सेकंदांची असेल, पण तेवढ्यात मला कुकरची शिटी, मावशींची पावलं, सगळं ऐकू येत होतं. मग पलीकडून आवाज आला, "ठीक आहे. बिल कोणत्या नावानं?"

(जाता जाता, या भाषणाचं मानधन आधीच ठरलेलं असतं आणि त्यात घासाघीस चालत नाही. मी विचारून पाहिलं.)

बाकीच्या ग्राहकांना, म्हणजे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, जाहिरातवाले, मी उक्ता दर द्यायला लागले. पूर्ण पुस्तिकेचे इतके, पूर्ण पत्रकाचे इतके. पहिल्याच वेळी तोंडावर आपटले. एका ट्रॅक्टरच्या पुस्तिकेचं उक्तं घेतलं, आणि कंपनीनं मूळ इंग्रजीच तीनदा बदललं. दर वेळी "फक्त लाल केलेलं तेवढं बघा." काम संपलं तेव्हा वहीप्रमाणे तासाला एकशे दहा रुपये पडले होते, एजन्सीपेक्षाही कमी! चूक कंपनीची नव्हे, माझी. काय-काय त्या पैशांत बसतं हे मी लिहूनच दिलं नव्हतं. त्या बायकांनी वहिनीला आधीच सांगितलं होतं की कापून ढीग लावून देऊ, मळणीचं आमच्याकडे नाही. तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये तीन ओळी ठरलेल्या असतात. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत. मूळ मजकूर बदलल्यास बदललेल्या शब्दांचे वेगळे पैसे. फाँट बदलून देण्याचे पानाला इतके. गंमत अशी, की या ओळी लिहायला लागल्यापासून 'छोटेसे बदल' आपोआप कमी झाले. पैसे पडतात म्हटल्यावर लोक आधीच नीट विचार करून पाठवतात.

एका इस्पितळाशी मी पुढे वर्षाचा ठराव केला. महिन्याला अमुक इतकी पानं, त्याचे ठरलेले पैसे, काम असो वा नसो. कुणी याला रिटेनर म्हणतं. आपल्याला हे नवं नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचं सविस्तर वर्णन केलेलं आहे. सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याची औतं दुरुस्त करायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचे. त्यातला जातीचा जाच आणि 'नाही' म्हणण्याची बंदी विसरून चालणार नाही. बलुतेदाराला गिऱ्हाईक सोडता येत नव्हतं, मला येतं. पण वर्षाचं धान्य आधी ठरलेलं असलं की माणूस पडेल त्या दराचं काम घेत नाही, हा त्यातला भाग मला कामाचा वाटला. ठरावाचे पैसे थोडे कमीच असतात. तरीही मी तो केला, कारण मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची तारीख ठरलेली होती.

हे सगळं बसायला चौदा महिने लागले. पहिले चार महिने फार वाईट गेले. तीस हजारांच्या वर मिळकत जाईना, आणि एक मुदत ठेव मोडावी लागली. पुढे २०१८ च्या सुरुवातीला त्याच सव्वाशे तासांत चोपन्न हजार झाले, म्हणजे जे पूर्वी अडीचशे तासांत होत होते तेवढेच. २०१९ च्या अखेरीस सत्तर हजार. एजन्सीचं काम तोवर शून्यावर आलेलं होतं.

नुकसानही झालं. मी दर वाढवल्यावर नऊ वर्षांचं एक गिऱ्हाईक गेलं. शेतीविषयक पत्रकं काढणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना वाढीव दर झेपणारा नव्हता, आणि कमी दर मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त काम पाठवणं बंद केलं. मला वर्षभरानं कळलं. त्यांना मी जुन्या दरात करून दिलं असतं. सगळ्यांना एकच छापील पत्र पाठवण्याचा आळस मला नडला.

आता थकलेल्या बिलांबद्दल. दर कितीही चांगला असला तरी पैसे आठ महिन्यांनी आले, तर मधल्या काळात तुम्ही गिऱ्हाइकाला बिनव्याजी कर्ज देत असता, आणि वसुलीचे तास वर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एक केंद्रीय कायदा आहे, आणि त्यात सेवा देणारेही येतात, एकटा माणूससुद्धा. १ जुलै २०२० पासून त्याची 'उद्यम' ही नोंदणी आधार क्रमांकावर, इंटरनेटवर, विनामूल्य होते. पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. नोंदणी असलेल्याचं बिल, लेखी मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत, आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, असं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी उत्पन्नातून वजा दाखवता येतो. हे शेवटचं कलम हिशेबनीस मंडळींना चांगलं समजतं.

मी नोंदणी केली आणि बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक व मुदत छापायला लागले. एका कंपनीकडे पाच महिन्यांचं बिल अडकलं होतं. अकाउंट्स विभागाला किती फोन केले ते वहीत आहे: सतरा. अठराव्यांदा फोन केला नाही, चार ओळींचं पत्र पाठवलं. बिलाची तारीख, कायद्याचं नाव, माझा क्रमांक, व्याजाचा आकडा. नऊ दिवसांत मुद्दल जमा झालं. व्याज मी सोडून दिलं. लढले असते तर मिळालं असतं कदाचित, पण ते तास मी कुठून आणणार होते? एक मात्र सांभाळा: आधी नोंदणी, मग काम. बिल थकल्यावर नोंदणीला धावू नका.

आणि कापलेला टीडीएस. तो गेलेला पैसा नव्हे. तुमचा कर तितका होत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी 'आपलं कुठे तेवढं उत्पन्न' म्हणून विवरणपत्रच भरत नव्हत्या, आणि बिलाचे दहा टक्के दरसाल सोडून देत होत्या.

यंत्रांचं काय, असं तुम्ही विचाराल. २०२३ पासून मला विचारणा येतात त्या अशा: भाषांतर यंत्राने केलेलं आहे, तुम्ही फक्त तपासून द्या, एक तृतीयांश दराने. मी नाही म्हटलं नाही. वहीत लिहून पाहिलं. मिक्सरचं पत्रक यंत्रानं इतकं ठीक केलं होतं, की तपासायला खरोखर तिसरा हिस्साच वेळ लागला. ते काम हातचं गेलं असं मी धरून चालते, आणि त्यावर रडून उपयोग नाही. विम्याच्या अटींचं उलट झालं. वाक्यं गुळगुळीत, पण एका ठिकाणी नकारच गळालेला. प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहताना मुळातून करण्याएवढाच वेळ गेला. तेव्हा दर 'यंत्राने केलेलं' म्हणून ठरत नाही, चुकीची किंमत काय पडेल यावरून ठरतो, असं मी आता गिऱ्हाइकाला सांगते. काहींना पटतं. संमतिपत्रावर यंत्र सही करत नाही, तोवर माझं बरं चाललं आहे. पुढचं कुणी सांगावं.

जे आत्ताच या कामात पडले आहेत त्यांना मी दर वाढवा असं सांगणार नाही. त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं आणि मोडायला मुदत ठेव नसते. मीही पहिली चार-पाच वर्षं मिळेल त्या दराने केलं, आणि तेव्हा तेच बरोबर होतं. माझी चूक पुढची. शिकाऊपणीचा दर मी अठराव्या वर्षीही घेत होते, कारण कुणी वाढवून दिला नाही आणि मी मागितला नाही.

सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. दिवसांचे विधी आटोपल्यावर एक नातेवाईक सहज म्हणाले, "आता तुला पूर्ण वेळ काम करता येईल." मी महिनाभर तसं करूनही पाहिलं. आठ तास बसले. मिळकत वाढली, पण वहीत दिसलं की शेवटच्या तीन तासांतली पानं हळू होत होती आणि दुरुस्त्या त्यांच्यातच निघत होत्या. पुन्हा अकरा ते चारवर आले. मावशी अजून येतात, स्वयंपाकाला.

बिनपैशाच्या तासांचा खाना वहीत अजून आहे. अठरावरून तो आता महिन्याला सहा-सात तासांवर आला आहे. त्यात आमच्या सोसायटीच्या सूचना असतात, वॉचमनच्या मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, आणि शेजारच्या आजोबांना अमेरिकेतल्या नातवाची ई-मेल मराठीत लिहून द्यायची असते, कारण त्यांना ती कागदावर, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या स्वतः वाचायची असते. गेल्या महिन्यात त्याला पावणेदोन तास लागले. तेही मी लिहून ठेवले आहेत, शेजारच्या रकान्यात दराच्या जागी एक रेघ मारून.